जुन्या मोटारीचे पाणी जोखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनचा पैसा हातात आला की मराठवाड्यात जुन्या छोट्या मोटारींची उलाढाल वाढते. घेणारा रंग बघतो, टेप वाजवतो, किलोमीटर विचारतो आणि ‘डॉक्टरची गाडी आहे, पुण्यात वापरलेली’ एवढ्यावर विसार देऊन मोकळा होतो. (इतक्या गाड्या विकणारे डॉक्टर पुण्यात राहतात तरी कुठे, देव जाणे.) इंजिनाचे पाणी गार करणाऱ्या रेडिएटरचे झाकण मात्र कुणी उघडत नाही. आपल्या भागात गाडीचे वाटोळे बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

याला कारण बोअरचे पाणी. ज्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले जाते. रेडिएटरच्या नळ्या आतून अगदी अरुंद असतात. क्षार बसले की पाणी फिरेनासे होते, वॉटर पंपाचे सील खराब होते, लोखंडी भाग गंजतात. त्यात मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर, गाडीत पाच माणसे आणि एसी चालू. इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचे असते. ते एकदा सडकून तापले की वाकते, त्याखालचे गॅस्केट (सील) उडते आणि पाणी ऑइलमध्ये उतरते. मग हेड उतरवून फेसिंग (तळ घासून सपाट करणे), नवे गॅस्केट, ऑइल, कूलंट (रेडिएटरमध्ये घालायचे रंगीत द्रव), मजुरी धरून दहा ते वीस हजार सहज जातात.

म्हणून गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. बॉनेट आधीच गरम लागले तर दुसऱ्या दिवशी यावे. काहीतरी लपवण्यासाठी गाडी आधी चालू करून ठेवलेली असू शकते. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून बोट घालावे. हिरवे, गुलाबी किंवा निळे स्वच्छ कूलंट असेल तर ठीक. विटकरी गढूळ पाणी, किंवा झाकणाच्या रबराभोवती पांढरे क्षार दिसले तर समजून जावे. ऑइलच्या झाकणाच्या आत दह्यासारखा फेस असेल तर बहुधा पाणी ऑइलमध्ये मिसळलेले आहे. (थंडीत फक्त जवळपास फिरणाऱ्या गाडीत ओलाव्यामुळेही थोडा फेस येतो, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टीही बघावी.) मग गाडी चालू करून एसी लावावा आणि वीस मिनिटे तशीच उभी ठेवावी. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला पाहिजे. नंतर एसी बंद करून थांबावे; गरजेप्रमाणे पंखा आपोआप सुरू होऊन बंद झाला पाहिजे. चावी फिरवताच पंखा सुरू होऊन थांबतच नसेल तर बहुधा वायर ‘डायरेक्ट’ (स्विच वगळून थेट) जोडली आहे, म्हणजे कुणीतरी मूळ आजार दाबून ठेवला आहे. आपल्याकडचा दुसरा जुगाड म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकणे. त्याने गाडी तापत नाही असे वाटते. पण इंजिनाला कामाचे तापमान यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि ऑइल लवकर खराब होते.

अशी गाडी घेतलीच तर पहिल्याच आठवड्यात सगळे पाणी काढून साध्या पाण्याने आतून धुवावे, शेवटचे धुणे डिस्टिल्ड वॉटरने करावे. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. आधीच पाणी मिसळून तयार मिळणाऱ्या कूलंटमध्ये मात्र आणखी पाणी मिसळू नये. छोट्या गाडीला साडेतीन ते पाच लिटर लागते. भरताना हीटर चालू ठेवावा आणि पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवून आतली हवा निघू द्यावी. रेडिएटरचे झाकणही बदलावे. ते दाब धरते म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही. ढिले झाकण असेल तर बाकीचा खर्च वाया. ॲल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला सळई घालून साफ करता येत नाही. तो फारच तुंबला असेल तर नवा घेतलेलाच बरा.

बाकीच्या तपासण्या सोप्या. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा; इंजिन बंद पडले पाहिजे. पडले नाही तर क्लचप्लेट संपली, आणि शहरातल्या गर्दीत चाललेल्या गाडीत ती बऱ्याचदा संपलेली असते. आल्टो ८०० आणि सँट्रो झिंगला टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा) आहे. तो कधी बदलला याचे बिल नसेल तर न बदललेला धरून चालावे. आल्टो के-टेनला चेन असल्याने ती काळजी कमी. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट आवाज आला तर ॲक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीसमध्ये माती गेली आहे. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होते, आणि असे टायर घेऊन समृद्धी महामार्गावर १२० ने जाणे म्हणजे फुटण्याची वाट बघणे.

खर्चाचे म्हणाल तर वर्षाला १० हजार किलोमीटर, लिटरला १८ चे ॲव्हरेज आणि १०५ रुपये भाव धरला तर पेट्रोलच ५८ हजारांचे होते. गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर नोंदणी नूतनीकरणाचे शुल्कही मोजावे. १ एप्रिल २०२२ पासून ते ६०० वरून ५ हजारांवर गेले, पर्यावरण कर वेगळा. गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही. विकणाऱ्यानेही बेफिकीर राहू नये. नोंदणीवर नाव ज्याचे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी आणली तर महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो, तो धरून किंमत करावी.

आणि वाटेत काटा वर चढलाच तर एसी बंद करावा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडावा, सावली बघून थांबावे. इंजिन गार होईपर्यंत, निदान अर्धा तास, झाकणाला हात लावू नये. नंतर दुसरे काही नसेल तर शेतातल्या बोअरचे पाणी घातले तरी चालेल. फक्त गावी पोचल्यावर ते त्याच आठवड्यात काढून टाकावे.

आपला,
एक मोटार कारागीर, परभणी