सी विंगच्या काकांना, टाकीवाल्या बाईकडून

काका,

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हां हां, चहा टाक" म्हणून विषय बदलता, आणि पाकीट पुढे केलं त्या दिवशी तर तुम्ही सरळ चपला शोधायला लागलात. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. मोबाईल तुम्ही बघत नाही माहितीये, काकू वाचून दाखवतील.

जूनमधली ती रात्र आठवतेय ना, नेरुळला पाऊस धो धो आणि लाईट दोनदा गेली दोनदा आली. मी निवांत झोपले होते कारण विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं की मॅडम माशांच्या टाकीच्या काचेला भोक पाडायची गरजच नाही, हा ओव्हरफ्लो बॉक्स मागच्या काचेवर अडकवा, उलटा यू पाईप कडेवरून आत सोडा, सायफनने, म्हणजे नळीत सलग भरलेल्या पाण्याच्या ओढीने, पाणी बाहेरच्या डब्यात येतं, तिथून खाली संपमध्ये म्हणजे पंपवाल्या खालच्या टाकीत, लाईट गेली आली तरी सायफन तुटत नाही. एरवी तुटत नसेलही. पण त्या यू पाईपच्या वरच्या वळणात बारीक बारीक बुडबुडे साठत जातात, फ्लो कमी असेल तर ते ढकललेही जात नाहीत, आणि साठता साठता एक दिवस पाण्याची सलग धारच तुटते हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री लाईट आली, खालचा पंप इमानदारीत सुरू झाला, वर पाणी चढत राहिलं आणि खाली उतरायचा रस्ता बंद. संपमधलं चाळीसेक लिटर पाणी वर गेलं, निम्मं टाकीने पोटात घेतलं आणि निम्मं हॉलभर. सकाळी सासूबाई घसरता घसरता वाचल्या आणि खालच्या काकूंच्या छताला डाग.

तुम्ही आलात ते कमिटीकडून, आमची बाथरूमची लाईन लीक आहे असं समजून, हातात टॉर्च. बाथरूम बघितलंत, मग टाकीकडे वळलात, तो अडकवलेला डबा दोन मिनिटं नुसता बघत उभे राहिलात आणि तीन प्रश्न विचारलेत. हा पाईप चोक झाला तर? लाईट गेली तर? आणि लाईट परत आली तर? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मग ही लाईन नाही पोरी, हा जुगार आहे."

मी तेव्हा जरा दुखावले होते खरं सांगायचं तर. तुम्ही मासे पाळणारे नव्हेच, तुमचं मत जगजाहीर आहे की मासा बघायचा नसतो, कढईत सोडायचा असतो. पण तीस वर्षं एमआयडीसीत केमिकल कंपनीत पाईप फिटरचं काम केलेल्या माणसाला वाद घालून काय मिळणार, म्हणून मी गप्प बसले आणि तेच बरं झालं.

मग मी शोधून काढलं की काचेला भोकं पाडून आत एक चपटा बॉक्स, बाहेर एक बॉक्स, आणि बाहेरच्या बॉक्सच्या तळातून तीन पाईप खाली, अशी एक पद्धत आहे, हौशी लोक तिला बीनअ‍ॅनिमल म्हणतात. नाव ऐकून तुम्ही हसलात पण लाईटबिलाच्या पाठीमागे काढलेलं चित्र बघून म्हणालात की आमच्याकडेही असंच असायचं, एक कामाचा, एक मदतीला, एक फक्त संकटाला.

आणि अट काय घातलीत? "मी हात लावणार नाही. तू करायचं, मी खुर्चीवर बसणार." मला वाटलं गंमत करताय.

काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, तर नाही ना, ही एक गोष्ट मीच आधीच वाचून ठेवली होती, कारण टफन्ड काचेला ड्रिल लावला की अख्खी काच खडीसाखरेसारखी होते. लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन मागे धरून, ह्यांचा पोलराइज्ड गॉगल घालून बघितलं, टफन्ड असती तर डाग पट्टे दिसतात, काही दिसलं नाही. साधी १२ मिमी काच. चार बाय दोन बाय दोन फुटांची ती टाकी रिकामीच ऐंशी-पंच्याऐंशी किलोची, वॉचमन, ह्यांचा भाऊ, आम्ही दोघं असे चौघांनी मिळून गादीवर आडवी केली, मागची काच वर.

टँक कनेक्टर, म्हणजे भोकात बसवून पाईप जोडायचा तुकडा, आधी आणायचा आणि होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायचा बिट, नंतर, आट्यांचं बाहेरचं माप घेऊन, हे तुम्ही सांगितलंत म्हणून वाचले, मी उलटं करणार होते. एक इंची कनेक्टर म्हणजे एक इंची भोक अशी माझी समजूत!! भोक कडेपासून निदान स्वतःच्या रुंदीइतकं आत. पाणी थांबायला खुणेभोवती मी कणकेची वळी फिरवली, त्यात पाणी ओतलं, काचेच्या आतल्या बाजूने टेप, आणि ड्रिल सगळ्यात हळू स्पीडवर. पहिली दोन मिनिटं माझे हात असे थरथरत होते की बिट नाचत होता. तुम्ही खुर्चीवरूनच म्हणालात "दाबू नको, नुसता ठेव, वजन मशीनचंच पुरे." मग पाणी हळूहळू पांढरं झालं, अगदी पेजेसारखं, आवाज बदलत गेला, आणि शेवटी तुम्ही हात वर केलात की आता श्वास रोखून. टक् करून गोल चकती टेपवर बसली. कडेला एक बारीक टवका निघाला, वायसरखाली झाकला गेला. ती चकती मी ठेवलीये, चहाचा कप ठेवते तिच्यावर. दुसरं भोक तर मी गाणं गुणगुणत पाडलं.

वायसरचं पण तसंच. मी दोन्ही बाजूंनी रबर घालून वर सिलिकॉन फासणार होते. तुम्ही म्हणालात रबर एकच, पाण्याच्या बाजूला, कॉलरखाली, बाकी काही नको, आणि नट हाताने घट्ट करून वर फक्त पाव फेरा. त्या पाव फेऱ्यासाठी घरून पट्ट्याचा पाना आणलात कारण दातवाल्या पान्याने प्लास्टिक चावलं जातं.

मेन म्हणजे त्या कामाच्या पाईपसाठी प्लंबरने आणलेला पितळी गेट वॉल्व्ह मात्र मीच परत पाठवला, ह्या एका गोष्टीत मी तुम्हाला शिकवलं हां! पितळेत तांबं असतं आणि माझ्या गोगलगायींना तांब्याचं पाणी म्हणजे विष. तुम्ही मान हलवलीत आणि स्वतः दोन दुकानं फिरून यूपीव्हीसीचा आणलात. बॉल व्हॉल्व्हने काम झालं असतं, पण त्याच्यात केसभर फिरवलं की एकदम फरक पडतो, गेट वॉल्व्हचं चाक फिरवत फिरवत नेमक्या जागी आणता येतं.

सगळी लाईन आधी कोरडी जोडायची, जॉइंटवर मार्करने आडवी रेघ मारायची, मग सोडवून सोल्युशन लावताना रेघा जुळवायच्या, पाईप आत ढकलून तीसेक सेकंद धरून ठेवायचा नाहीतर तो मागे सरकतो, नव्वदच्या एका एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन, प्रत्येक पाईपला युनियन म्हणजे उद्या काढायची वेळ आली तर करवत नको. हे सगळं ऐकताना मला वाटायचं किती ती कटकट. चोवीस तास पाणी सोडू दिलं नाहीत ते तर फार जिवावर आलेलं.

आणि मग पाणी सोडलं तर मेन पाईप चालेचना! नुसता गडगड गडगड करतोय, बॉक्समध्ये पाणी चढतंय, सायफन काही धरत नाही. मी रडायच्या बेतात. वॉल्व्ह पूर्ण उघडला, बंद केला, काही नाही. तुम्ही पहिल्यांदाच खुर्चीवरून उठलात, खाली वाकून संपमध्ये बघितलंत आणि विचारलंत, पाईपचं तोंड पाण्यात किती बुडलंय? चांगलं सहा इंच. मला वाटलेलं जितकं खोल तितका आवाज कमी. तुम्ही म्हणालात, "अगं आत हवा आहे, तिला बाहेर पडायला एवढं पाणी ढकलावं लागतंय, ती कशाला जाईल?" पंप बंद करून, युनियन खोलून पाईप कापला, तोंड जेमतेम इंचभर पाण्यात राहील असा. पंप लावला. अर्धा मिनिट बुडबुडे, मग एक मोठा घोट गिळल्यासारखा आवाज, आणि शांत. इतकं शांत की सासूबाई आतून आल्या, बंद पडलं का विचारायला.

मासे पाळणाऱ्या किती जणांना मी विचारलं असतं तेव्हा हे कळलं असतं, आणि तुम्ही आयुष्यात एक गप्पी पाळलेला नाही.

मग वॉल्व्ह हळूहळू आवळत आणला, मेन पाईप पूर्ण पाण्याने भरलेला आणि दुसऱ्यात नुसती करंगळीएवढी धार, तिसरा कोरडा ठाक. दुसऱ्याच्या टोपीतून एअरपंपची बारीक नळी काढून तिचं तोंड नेहमीच्या पातळीच्या जरासं वर ठेवलंय, म्हणजे पाणी चढलं की तोंड बुडतं, हवा बंद, आणि तोही सायफन धरतो.

मला वाटलं झालं. तुम्ही म्हणालात आता परीक्षा. प्लग काढायला लावलात. टाकीतून पाणी उलटं रिटर्नच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या पाईपने खाली यायला लागलं, तुम्ही हिशोब घातलात की ह्या टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे साधारण सात लिटर, नोझल सहा सेंटीमीटर खोल आहे, सांग किती. बेचाळीस! आणि संपमध्ये जागा तीसची पण नव्हती. मग रिटर्नच्या पाईपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक पाडलं, तिथून हवा शिरली की उलटं येणं थांबतं, आणि संपवर मार्करने रेघ मारली की याच्या वर पाणी भरायचं नाही. पाच वेळा प्लग काढायला लावलात काका, पाच. मग मेन पाईप हाताने बुजवायला लावलात, मग दुसराही, आणि तिसऱ्यातून सगळं पाणी धाडधाड खाली जाताना बघितल्यावरच तुम्ही चहा मागितलात. रात्री प्रत्येक जॉइंटखाली कोरडा पेपर पसरून ठेवायला सांगितलंत, सकाळी फुगलेलं अक्षर शोधायचं.

आता हे पत्र आज का, तर मागच्या मंगळवारी रात्री दोनला हॉलमधून गुळगुळ आवाज आला. जूनमध्ये असते तर बादली घेऊन धावले असते. तुम्ही सांगून ठेवलं होतं ना, आवाज आला तर घाबरायचं नाही, दुसरा पाईप हाक मारतोय एवढंच. टॉर्च घेऊन बघितलं तर बॉक्समधलं पाणी वर आलेलं, दुसरा पाईप भरून वाहत होता, तिसऱ्याच्या तोंडापर्यंतसुद्धा पाणी गेलं नव्हतं, फरशी कोरडी. गेट वॉल्व्ह पूर्ण उघडला, खळ्ळकन काहीतरी गेलं, परत पहिल्या खुणेवर आणला, शांत. खाली सॉकमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या पिशवीत, वाटाण्याएवढं गोगलगायीचं पिल्लू, जिवंत, शिंगं बाहेर काढून बसलेलं. त्याला वर सोडलं आणि जाऊन झोपले. ह्यांना उठवलंही नाही.

सकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले तू एकटीने केलंस? मी म्हटलं हो. आणि मग लक्षात आलं की तुम्ही खुर्चीवरून का उठत नव्हता.

खालच्या काकूंच्या छताचा डाग दिवाळीच्या आधी आम्ही रंगवून देतोय. थालीपिठाची भाजणी नवीन दळून आणलीये, लोणी सासूबाई काढतायत, रविवारी काकूंना घेऊन या.

तुमची,
बी विंगची टाकीवाली

ता. क. पेपर अजूनही ठेवते रोज. आज सकाळी मेन पाईपच्या खालच्या युनियनपाशी एक अक्षर फुगलेलं दिसलं, रुपयाएवढा डाग. पाव फेरा देऊ का तुम्ही येईपर्यंत थांबू? पाना माझ्याकडेच आहे.