अत्याचारपीडितांच्या भरपाईचा हक्क एकविसाव्या वर्षी संपू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लैंगिक अत्याचाराची बातमी बहुधा अटकेपासून सुरू होते आणि शिक्षेपाशी किंवा निर्दोष सुटकेपाशी थांबते. जिच्यावर अत्याचार झाला तिच्या औषधपाण्याचे, सुटलेल्या शाळेचे, बुडालेल्या रोजगाराचे पुढे काय झाले आणि त्याची भरपाई तिला कोणाकडून मिळाली का, हे फारसे कुठे छापून येत नाही. मुंबईत विधी स्वयंसेवक म्हणून अशा कुटुंबांबरोबर पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत जाताना मला सतत जाणवते की भरपाई मागता येते हेच मुळात बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना ती मागण्याचा संकोच वाटतो. या हक्काविषयी आणि त्याच्या आड येणाऱ्या, दाव्यांची मुदत ठरवणाऱ्या एका जुन्या कायद्याविषयी लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपल्या राज्यात २०१३ पासून अत्याचारपीडितांना आर्थिक मदत देणारी ‘मनोधैर्य’ योजना आहे. २०१७ च्या अखेरीस तिच्यात सुधारणा होऊन मदतीची कमाल मर्यादा १० लाख रुपये झाली आणि मंजुरीचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेकडे) आले. सर्वोच्च न्यायालयासमोरील निपुण सक्सेना प्रकरणातून २०१८ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची जी योजना आकाराला आली, तिच्यात बलात्कारासाठी ४ ते ७ लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख रुपये अशा किमान व कमाल रकमा ठरवून दिल्या असून पीडिता अल्पवयीन असल्यास त्या दीडपट होतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३५७ अ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९६ म्हणून आले आहे. आरोपी सापडलाच नाही, त्यामुळे खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडितेला किंवा तिच्यावर अवलंबून असलेल्यांना प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि त्याची चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी लागते, असे हे कलम सांगते. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखालील २०२० चे नियम तर आणखी स्पष्ट आहेत. गुन्हा नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते, आरोपी निर्दोष सुटला तरीही बालकाची हानी झाली आहे असे न्यायालयाचे मत झाल्यास भरपाईची शिफारस करू शकते, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शासनाने रक्कम द्यायची असते. रक्कम ठरवताना काय पाहावे याच्या यादीत शाळेतील गैरहजेरीचाही उल्लेख आहे. ज्याने कोणी तो शब्द तिथे घातला त्याने अशा मुलांचे जगणे जवळून पाहिले असावे.

कागदावर इतके सारे असताना प्रत्यक्षात काय होते ते सांगते. दिंडोशीच्या न्यायालयाबाहेर एका पीडित मुलीची आई भेटली. तिच्या पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये प्रथम खबरीची प्रत, मुलीचा जन्मदाखला, आधार कार्ड आणि सरकारी रुग्णालयाचे केसपेपर नीट लावलेले होते, पण औषधांची बिले मात्र मोजकीच होती, कारण ती जपून ठेवायची असतात हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या या बाईची दोन घरे तारखांच्या खाड्यांमुळे सुटली होती. समुपदेशनासाठी मुलीला दर आठवड्याला घेऊन जाण्याचा रिक्षाखर्च होता, आणि त्याची पावती कोण देणार? अंतरिम भरपाईचा अर्ज करता येतो हे खटला बराच पुढे सरकेपर्यंत तिच्या कानावर आले नव्हते. ही एकट्या तिची गोष्ट नाही. ज्या दिवशी गुन्हा नोंदला जातो त्याच दिवशी, त्याच टेबलावर, भरपाईच्या अर्जाचा मराठी नमुना आणि लागणाऱ्या कागदांची यादी कुटुंबाच्या हातात पडली पाहिजे. त्याला ना नवा कायदा लागतो ना मोठा खर्च.

संकोचाविषयीही मोकळेपणाने बोलले पाहिजे. वस्तीत, सोसायटीत, नातेवाइकांत पहिला टोमणा हाच असतो की ‘पैशासाठी केस केली’. उलटतपासणीत बचाव पक्षाचे वकीलही हे सुचवतात. त्यामुळे कित्येक कुटुंबे भरपाईच्या अर्जावर सही करायला कचरतात, आणि तीच कुटुंबे गल्लीतला कोणी वजनदार माणूस मिटवामिटवीसाठी घरी येऊन बसला की दबावाखाली येतात. या दोन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बलात्काराचा किंवा पोक्सोखालील गुन्हा आपसात मिटवता येत नाही, आणि गप्प राहण्यासाठी दिलेले पैसे हे पुन्हा एकदा केलेले शोषणच असते. भरपाई मात्र कायद्याने, न्यायालयाच्या किंवा प्राधिकरणाच्या लेखी आदेशाने, पीडितेच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होते. ती उधळली जाऊ नये याचीही काळजी घेतलेली आहे. राष्ट्रीय योजनेनुसार रकमेचा ७५ टक्के भाग किमान तीन वर्षांसाठी मुदतठेवीत राहतो आणि पीडिता अल्पवयीन असल्यास ८० टक्के भाग सज्ञान होईपर्यंत ठेवीत ठेवला जातो, मात्र शिक्षण, उपचार किंवा अशीच निकड असेल तर त्यातून आधीही रक्कम काढण्याची सोय आहे. ‘बोधिसत्त्व गौतम’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खटला चालू असतानाच पीडितेला दरमहा एक हजार रुपये देण्याचा आदेश दिला होता, आणि ही गोष्ट १९९५ ची आहे. तेव्हा भरपाई मागितली म्हणून फिर्याद खोटी ठरते, हा समज कायद्याच्या कोणत्याच पानावर सापडणार नाही.

शासनाकडून मिळणारी ही मदत झाली. ज्याने अत्याचार केला त्याच्याकडून, किंवा ज्या संस्थेच्या हलगर्जीपणामुळे तो घडू शकला तिच्याकडून वसूल करायची भरपाई हा वेगळा विषय आहे आणि त्याकडे आपल्याकडे जवळजवळ कोणी वळत नाही. कार्यालयातील लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती, आणि दहापेक्षा कमी कामगार असतील तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती, मानसिक त्रास, हुकलेली बढती व उपचारखर्च विचारात घेऊन भरपाई ठरवू शकते आणि ती आरोपीच्या पगारातून कापता येते. मात्र तक्रार तीन महिन्यांत, फार तर वाढीव तीन महिन्यांत द्यावी लागते. घरातल्या लैंगिक छळासाठी कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २२ खाली दंडाधिकारी भरपाई देऊ शकतात. सज्ञान पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती आजही आपल्या फौजदारी कायद्यात बलात्कार ठरत नाही, हे लक्षात घेतले तर या कलमाचे मोल कळते.

या सगळ्यापलीकडे साधा दिवाणी दावा आहे. आपल्या शरीराला व मनाला इजा केली म्हणून नुकसानभरपाईचा दावा कोणालाही दाखल करता येतो. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभाव्य वाटते हे पाहिले जाते, म्हणून फौजदारी खटल्यात आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला तरी दिवाणी न्यायालयाचे दार बंद होत नाही. प्रतिवादी म्हणून संस्थेलाही उभे करता येते. आधीच्या तक्रारी दाबून ठेवणारे वसतिगृह, चालकाची चौकशी न करता त्याच्या ताब्यात मुले देणारा बस ठेकेदार, किंवा माणूस कामावर ठेवून त्याच्याकडे पाठ फिरवणारी शिकवणी यांना आपल्या निष्काळजीपणाचा हिशेब तिथे द्यावा लागतो. शासकीय यंत्रणाही यातून सुटत नाहीत. हावड्याच्या रेल्वे यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर झालेल्या सामूहिक बलात्काराबद्दल रेल्वेने १० लाख रुपये द्यावेत हा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कायम केला. पीडित सज्ञान पुरुष असेल तर दिवाणी मार्गाला अधिकच महत्त्व येते, कारण नव्या भारतीय न्याय संहितेत पुरुषावरील लैंगिक अत्याचार ज्याखाली येत असे त्या पूर्वीच्या कलम ३७७ ला पर्याय ठेवलेला नाही आणि वरच्या योजनाही स्त्रिया व बालकांपुरत्या आहेत.

खर्चाची भीती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेने स्त्रियांना हिंसाचाराशी संबंधित दाव्यांत कोर्ट फी माफ आहे. खरी अडचण मुदतीची आहे, आणि इथेच माझे मुख्य म्हणणे आहे.

मुदत अधिनियम, १९६३ नुसार अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पीडित बालक असेल तर कलम ६ आणि कलम ८ मुळे ती सज्ञान झाल्यापासून मोजली जाते. म्हणजे सातव्या वर्षी अत्याचार झालेली मुलगी एकविसाव्या वर्षापर्यंतच दावा लावू शकते. त्या वयात मुंबईतली मुलगी काय करत असते? पदवीच्या शेवटच्या वर्षाला असते, पहिली नोकरी शोधत असते, आणि अनेकदा ज्या घरात अत्याचार करणारा काका, मामा किंवा सावत्र बाप राहतो त्याच घरात राहत असते, कारण या शहरात स्वतंत्र खोलीचे भाडे आणि डिपॉझिट तिच्या आवाक्यात नसते. लहानपणी घडलेले तोंडावाटे निघायलाच कित्येकांना दहा-वीस वर्षे लागतात. लग्न झाल्यावर, स्वतःचे मूल त्या वयाचे झाल्यावर, किंवा तो माणूस मेल्यावर ते बोलू लागतात. उशीर झाला तर माफी मागता येईल असेही नाही, कारण विलंब माफीचे कलम ५ अपील आणि अर्जांसाठी आहे, दाव्यांसाठी नाही. उलट मुदत टळलेला दावा प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही तरी न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, असे कलम ३ सांगते.

यातली विसंगती पाहा. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना फौजदारी कायद्यात मुदतच नाही. चाळिशीतली स्त्री आज पोलीस ठाण्यात जाऊन बालपणीच्या बलात्काराची फिर्याद देऊ शकते आणि त्या माणसाला जन्मठेपही होऊ शकते, पण त्याच स्त्रीने त्याच माणसाकडून उपचारांचा खर्च मागितला तर तिचा दावा पहिल्याच पायरीवर संपतो. ज्या गोष्टीसाठी माणसाला तुरुंगात पाठवता येते तिच्यासाठी त्याच्याकडून पैसे मात्र मागता येत नाहीत, याचे समर्थन मला कोणत्याही वकिलाकडून ऐकायला मिळालेले नाही.

जुने पुरावे उरत नाहीत, माणसे मरतात, खोटे दावे येतील, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीरपणे ऐकायला हवा. परंतु मुदत काढली म्हणून दावा जिंकला जात नाही. सिद्ध करण्याचा भार वादीवरच राहतो आणि पुरावा कच्चा असेल तर न्यायाधीश दावा फेटाळतीलच. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१५ मध्ये बालपणीच्या अत्याचाराच्या दाव्यांची मुदत रद्द केली, तर न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये वयोमर्यादा ५५ वर्षांपर्यंत वाढवून मुदत टळलेल्या जुन्या दाव्यांसाठीही काही काळ दार उघडले.

यासाठी दिल्लीची वाट पाहायला हवी असे नाही. ‘मुदत’ आणि ‘दाव्यास पात्र अपकृत्ये’ (ज्यांसाठी दिवाणी दावा लावता येतो अशी कृत्ये) हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. महाराष्ट्र विधिमंडळ मुदत अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती करून बालपणीच्या लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांना मुदतीतून वगळू शकते, आणि केंद्रीय कायद्याशी विसंगती येत असल्याने राष्ट्रपतींची संमती मिळाली की ती राज्यात लागू होते. मुंबईतील सर्वपक्षीय आमदारांना माझी कळकळीची विनंती आहे की येत्या अधिवेशनात त्यांनी असे विधेयक आणावे, आणि त्यात वादीचे नाव दाव्याच्या बोर्डावर व संकेतस्थळावर येणार नाही, सुनावणी बंद दालनात होईल, अशीही तरतूद करावी. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये कार्यस्थळी लैंगिक छळाच्या एका प्रकरणात पक्षकारांची नावे गुप्त ठेवण्यासाठी सविस्तर निर्देश दिले होते, त्यामुळे नमुना शोधायला लांब जावे लागणार नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. अत्याचाराच्या प्रत्येक बातमीखाली दोन ओळींची चौकट द्यावी: पीडितेला भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि मोफत कायदेशीर मदतीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

आपली विश्वासू,
एक विधी स्वयंसेवक, भांडुप, मुंबई
(ज्या कुटुंबांबरोबर काम करते त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून कृपया माझे नाव प्रसिद्ध करू नये.)