मुक्ता, त्या पेशंटबद्दल

बाळा मुक्ता,

काल फोनवर तू त्या मणक्याच्या ऑपरेशनवाल्या बाईंचं सांगितलंस, वर्षानुवर्षं ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांच्या, एकाच डोसवर आहेत, कधी गोळ्या हरवल्या म्हणून आल्या नाहीत, आणि कॉम्प्युटरने ओव्हरडोसच्या धोक्याचा स्कोर जास्त दाखवला म्हणून तुझे सीनिअर म्हणाले डोस निम्म्यावर आणा. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून लिहितेय.

या गोळ्यांवर पाळत का आली ते कळतं गं मला. १९९६ ला ऑक्सिकॉन्टिन हे असंच जोरदार ओपिऑइड बाजारात आलं, सवय लागायचा धोका कमी असं सांगून डॉक्टरांच्या गळी उतरवलं, २००७ ला कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला, आणि तोवर तुमच्या ओहायोतली किती घरं उद्ध्वस्त झाली होती. चार डॉक्टरांकडून गोळ्या घेणारा माणूस ओएआरआरएसमध्ये, म्हणजे तुमच्या राज्याच्या गोळ्यांच्या नोंदीत, दिसतो हे चांगलंच आहे. पण दिसल्यावर त्याला घालवून द्यायचं? अगं तोच तर सगळ्यात धोक्यात आहे, तो बाहेर पडला की रस्त्यावरच्या गोळ्या घेणार आणि त्यात फेंटानिल हे फार जहाल ओपिऑइड असणार. प्रिस्क्रिप्शन्स २०१२ नंतर कमी कमी होत गेली आणि तरी २०२१ ला अमेरिकेत ओव्हरडोसने वर्षाला १ लाखाच्या वर माणसं गेली.

आणि ते दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनइतक्या डोसच्या मर्यादेचं काय? सीडीसीने, तिकडच्या सरकारी आरोग्य संस्थेने, २०१६ ला सल्ला म्हणून दिलेला आकडा, लोकांनी त्याचा कायदा करून टाकला. २०१९ ला औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने बजावलं की डोस एकदम तोडला की माणूस असह्य दुखण्यात पडतो, जीवही देतो. २०२२ ला सीडीसीने स्वतःच तो सल्ला बदलून लिहिला. सीनिअरना नम्रपणे हे दाखव, भांडू नको, पण गप्पही बसू नको.

आपल्याकडे याची दुसरी बाजू मी कॅन्सर वॉर्डात बघितलीये. १९८५ ला एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला आणि देशातला मॉर्फिनचा वापर १९९७ पर्यंत वर्षाला १८ किलोवर आला, एवढ्या मोठ्या देशात! मॉर्फिन ज्यातून काढतात ती अफू नीमच-मंदसौरला पिकतेय आणि आपला पेशंट रात्रभर ओरडतोय. डबल लॉकचं कपाट, दोन सह्या, रिकामं अँप्युल मोजून परत दिल्याशिवाय नवीन मिळायचं नाही, आणि चावी ज्यांच्याकडे ते सुट्टीवर गेले की नातेवाईक माझा हात धरून म्हणायचे सिस्टर काहीतरी द्या. रजिस्टर मात्र एकदम चोख असायचं. २०१४ ला कायदा सुधारला तेव्हा कुठे जरा रस्ता मोकळा झाला, तोही सगळीकडे नाही.

त्यामुळे बाई, स्कोर जास्त दिसला की आधी खुर्ची ओढून बस आणि विचार, झोप लागते का, घरी कोण आहे, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. कमी करायचंच असेल तर त्यांच्याशी बोलून, महिनोन्महिने, हळूहळू. नॅलोक्सोन, म्हणजे ओव्हरडोस उतरवणारं औषध, घरी ठेवायला सांग, घरातल्यांना नाकात कसा स्प्रे मारायचा ते दाखव, आणि डोस का ठेवलास ते फाइलमध्ये नीट सविस्तर लिही, उद्या कुणी विचारलं तर तेच तुझ्या बाजूने उभं राहील. व्यसनात अडकलेला कुणी आला तर बुप्रेनॉर्फिन, त्या व्यसनावरचं औषध, तूच लिही, २०२३ पासून त्याला वेगळी परवानगी लागत नाही, बाकीचे आपलं काम नाही म्हणतात म्हणून तू म्हणू नको.

आई