रविवारी प्राणी-निवारा भेट

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी आपण डिचोलीजवळच्या प्राणी-निवाऱ्यात जात आहोत. सकाळी ८ वाजता म्हापसा बसस्टँडवर जमावे. बस कोणासाठीही थांबणार नाही. गेल्या वेळचे लक्षात असेलच.

तिथे पाडे, कोंबड्या आणि डुकरे आहेत. डुक्कर घाणेरडे असते म्हणून चिखलात लोळते, असे नाही. त्याला घाम जवळजवळ येतच नाही, चिखलाने अंग थंड राहते. मुलांना हे प्रत्यक्ष दाखवायचे आहे. (खरे तर मोठ्यांनाही.)

– शिळा पाव, घरचे उरलेले प्राण्यांना घालू नये.
– कोंबड्यांमागे धावू नये, शांत बसावे.
– नावे शुक्रवारपर्यंत सचिवांकडे द्यावीत.

जेवण शाकाहारी. नुस्त्यावरचा (मासळीवरचा) वाद परतीच्या बसमध्ये घालू!