एनएसटीच्या खोलीतल्या सिस्टरना

नाशिक,
सर्वपित्री अमावास्या, २१ सप्टेंबर २०२५

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. तीन दिवस तुम्ही माझ्या अवतीभवती होतात आणि मी 'सिस्टर, सिस्टर' एवढीच हाक मारत राहिले. बारशाचं बोलावणं द्यायला दवाखान्यात गेले, तेव्हा कळलं की नोकरी सोडून तुम्ही गावी गेलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या ओळखीचं कुणी वाचलं, तर ते तुमच्यापर्यंत पोहोचेल.

गेल्या वर्षीचा ३० सप्टेंबर, सोमवार. माझी बाळंतपणाची तारीख होती २४ सप्टेंबर. १७ तारखेला गणपती गेले, पितृपक्ष लागला, तारीख आली आणि गेली, पण पोटात काही हालचाल नाही. म्हणजे बाळाची होती, कळांची नव्हती. फोन उचलायचंच मी बंद केलं होतं. 'अजून नाही का?' या प्रश्नाला रोज नव्याने काय उत्तर देणार?

त्या सकाळी तपासून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, उद्या ४१ आठवडे पूर्ण होतात, त्यापुढे थांबायला नको. कळा आणू या, नाहीतर ठरवून सिझर करू. दोन्ही होण्यासारखं आहे, घरी बोला आणि उद्या सकाळी सांगा. बाहेर चाळीस बायका बसल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ तरी कुठून असणार! मी फाइल घेऊन एनएसटीला, म्हणजे बाळाचे ठोके कागदावर उमटवणाऱ्या तपासणीला आले. तुम्ही मला डाव्या कुशीवर निजवलंत, पोटावर दोन पट्टे बांधलेत, हातात बटण दिलंत आणि म्हणालात, "हललं की दाब." मी बटण दाबायच्या ऐवजी रडायला लागले.

घरात तीन मतं होती. सासूबाईंचं म्हणणं, पितरांच्या पंधरवड्यात नको, गुरुवारी घटस्थापना आहे, सिझरच करायचं तर त्या दिवशी करा. गुरुजींकडून वेळही काढून आणली होती. आई म्हणत होती, आमच्याकडे पहिलं बाळ उशिराच येतं, कुणी हात लावू नका. नवऱ्याला माझी तगमग बघवत नव्हती, त्यामुळे त्याला सिझर करून मोकळं व्हावंसं वाटत होतं. आणि मला काय वाटत होतं, हे मलाच कळत नव्हतं. दोन्ही वाटा सारख्याच अंधाऱ्या दिसत होत्या.

तुम्ही माझं रडणं थांबवायला गेला नाहीत. स्टूल ओढून बसलात आणि विचारलंत, "पहिली सोनोग्राफी कितव्या आठवड्यात केली होतीस?"

मला नवल वाटलं. मी विचारत होते पुढचं आणि तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत शिरलात. पण तुम्ही फाइल उलटून तो कागद काढलात. आठव्या आठवड्यातली सोनोग्राफी, आणि तिच्यावरची तारीख पाळीच्या तारखेशी जुळत होती. "मग दिवस खरंच वर गेलेत," तुम्ही म्हणालात. पाळी अनियमित असली किंवा पहिली सोनोग्राफी उशिरा झाली, तर हिशेब आठवड्या-दोन आठवड्यांनी चुकतो आणि दिवस भरले नसतानाच घाई होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतक्या जणांनी तारीख विचारली होती. ती आली कुठून, हे कुणीच विचारलं नव्हतं.

मग मी मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, सिस्टर, हे पैशासाठी तर नाही ना? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे मी वाचले होते. सरकारी दवाखान्यांत शंभरातली साधारण १४ बाळंतपणं सिझरनं, खाजगीत ४७. तुम्ही रागावला नाहीत. "म्हणून तर कारण विचारायचं," असं म्हणालात. "कारण सांगता आलं नाही तर ते सिझर नको. सांगता आलं तर घाबरू नको."

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मला जवळजवळ शब्दन् शब्द आठवतात. वार, म्हणजे प्लासेंटा, हीच बाळाची शिदोरी, तुम्ही म्हणालात. दिवस भरून वर गेले की कुणाकुणाची वार थकायला लागते, बाळाभोवतीचं पाणी कमी होतं, बाळ पोटात शी करतं. बहुतेकींचं काही बिघडत नाही. पण कुणाचं बिघडणार, हे बाहेरून नेमकं ओळखता येत नाही, आणि म्हणून ४१ आठवडे झाले की कळा आणाव्यात असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

त्या रात्री मी स्वतः शोधून वाचलं. स्वीडनमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला. निम्म्या बायकांना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, उरलेल्या ४२पर्यंत थांबल्या. थांबलेल्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. दुसरीकडे अनेक चाचण्या एकत्र करून मांडलेला हिशेबही सापडला: एक बाळ वाचायचं तर साधारण ५४४ बायकांना कळा आणाव्या लागतात. म्हणजे ५४३ जणींचं तसंही ठीकच झालं असतं. हा आकडा मी कितीतरी वेळ बघत बसले. त्यानं भीती कमी झाली, आणि थांबायचं नाही हेही ठरलं. दोन्ही एकाच आकड्यानं. त्याच अभ्यासांमध्ये कळा आणलेल्या बायकांची सिझर वाढली नव्हती, उलट थोडी कमीच झाली होती, आणि आमच्याकडे तर सगळे छातीठोक सांगत होते की औषधानं कळा आणल्या की शेवटी सिझरच होतं.

पण तुम्ही मला एकच बाजू दाखवून पाठवलं नाहीत, याचे आभार जास्त मानायचे आहेत. गर्भपिशवीच्या तोंडाला पाच गोष्टी बघून गुण देतात: किती उघडलं, किती पातळ झालं, मऊ की कडक, पुढे की मागे, आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय. बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४मध्ये ही पद्धत मांडली, म्हणून बिशप स्कोअर. माझे गुण होते तेरापैकी तीन. "कच्चं आहे," तुम्ही स्पष्ट सांगितलंत. "पहिलटकरीण, त्यात तीन गुण. आधी फुगा घालून तोंड उघडावं लागेल, मग पाणी फोडतील, मग कळांचं सलाईन. दिवस-दीड दिवस धरून चाल. औषधाच्या कळा अंगावर जोरात येतात, बाळाला सोसल्या नाहीत तर त्याचे ठोके खाली जातात, मग धावपळ करून सिझर करावं लागतं. तेही होऊ शकतं, आधीच सांगून ठेवते."

आणि ठरवून सिझर? ते शांतपणे होतं, वेळ ठाऊक असते, धावपळ नसते, हे तुम्ही मान्य केलंत. बाळ आडवं असेल, वार खाली आली असेल तर दुसरा विचारच करू नये, म्हणालात. पण तसं काही नसताना ते एका दिवसापुरतं नसतं, कारण पोटावरचा टाका भरतो पण गर्भाशयावरचा व्रण राहतो. पुढच्या खेपेला वार नेमकी त्या व्रणावर येऊन रुतली, तर आईच्या जिवावर बेतू शकतं, आणि जितकी सिझर जास्त तितकी ही भीती जास्त. "तुला दुसरं मूल हवंय?" तुम्ही विचारलंत. तोवर हा प्रश्न कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. मला हवं होतं.

एनएसटीच्या कागदाची पट्टी फाडून तुम्ही तिच्या पाठीमागे मॅडमना विचारायचे प्रश्न लिहून दिलेत. फुगा रात्री घालणार की सकाळी? किती तास वाट बघणार आणि मग काय? ठोके सतत बघणार का? रात्री भूल देणारे डॉक्टर किती मिनिटांत येतात? हा शेवटचा प्रश्न मला कधीच सुचला नसता. दुसऱ्या दिवशी मी तो विचारला तेव्हा मॅडम थांबल्या, खुर्ची पुढे घेतली आणि पुढची पंधरा मिनिटं माझ्याशी बोलल्या.

त्याच मंगळवारी सासूबाईंशी तुम्ही जे बोललात, ते मी आजही आमच्याकडे येणाऱ्या बायकांना सांगते. मुहूर्त म्हटल्यावर दवाखान्यातली माणसं हसतात किंवा चिडतात. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "आई, गुरुवार म्हणजे आणखी दोनच दिवस, खरं आहे. पण त्या दोन दिवसांत बाळाचं हलणं कमी झालं, तर मुहूर्त सोडून त्याच मिनिटाला यायचं, एवढं मला कबूल करा. मध्यरात्र असली तरी." सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग एवढी जोखीम घ्यायचीच कशाला? आजच करा." त्यांच्यावर कुणी निर्णय लादला नाही, म्हणून त्यांनी तो स्वतः घेतला, आणि पुढे कधी मला त्यावरून बोलल्या नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी सातला फुगा घातला. पहाटे चारच्या सुमाराला तो आपोआप निसटून आला. आठला पाणी फोडलं, स्वच्छ होतं. नऊला सलाईन. त्यानंतरचे सहा-सात तास मी लिहीत नाही. ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. तुमची ड्यूटी दोनला सुरू व्हायची. तुम्ही आत आलात आणि आधी माझ्या ओठांना पाणी लावलंत, मग यंत्राकडे बघितलंत. तीन वाजता सहा सेंटिमीटर. चारलाही सहाच. मग पाणी हिरवं यायला लागलं आणि ठोके ऐंशीपर्यंत खाली जाऊन वर यायला वेळ लावू लागले. तुमचा चेहरा बदलला नाही, पण हात भरभर चालायला लागले. माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "मी सोमवारी सांगितलं होतं ना, ते आता आलंय. चल."

मणक्यात इंजेक्शन देताना माझं डोकं तुमच्या खांद्यावर होतं. कळ आली की तुम्ही मोजत होतात, आणि माझ्या नखांचे वळ तुमच्या दंडावर उठले होते, ते मी नंतर बघितले. पाच वाजून बारा मिनिटांनी मुलगी झाली. तीन किलो चारशे ग्रॅम. क्षणभर शांतता, आणि मग ती रडली.

त्याच सकाळी सासरे रामकुंडावर तर्पणाला गेले होते. सासूबाईंनी गच्चीवर पान ठेवलं होतं, आणि कावळ्यानं लगेच घास घेतला म्हणून त्या दिवसभर निश्चिंत होत्या. सर्वपित्रीला नात झाल्याचं कळलं तेव्हा म्हणाल्या, "सगळे पितर जेवून तृप्त होऊन बघायला थांबले असतील." जो दिवस टाळायचा होता, त्याच दिवशी.

पण तिसऱ्या दिवशी मी कोसळले. भेटायला येणारी प्रत्येक बाई तेच बोलत होती, एवढ्या कळा सोसून शेवटी सिझरच ना, मग आधीच केलं असतं तर? दोन्हीकडचं दुखणं माझ्याच वाट्याला आलं असं मलाही वाटायला लागलं. रात्री तुम्ही टाक्यांचं ड्रेसिंग बघायला आलात, तेव्हा मी हेच विचारलं. तुम्ही म्हणालात, "मंगळवारी ठोके चांगले होते. बुधवारी चारला बिघडले. मंगळवारी तुला बुधवारचं कसं कळणार होतं?" मग चादर नीट केलीत आणि बाळाला माझ्या छातीशी लावून, ती ओढायला लागेपर्यंत उभ्या राहिलात.

माझ्या जावेनं चार महिन्यांपूर्वी ठरवून सिझर केलं. बाळ पायाळू होतं, वळलं नाही. तिचा निर्णय तिच्यासाठी बरोबर होता. तिलाही मी तुमचे प्रश्न उतरवून दिले होते. तिनं त्यातले दोन विचारले आणि एक स्वतःचा घातला.

ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. पुढच्या बाजूची ठोक्यांची रेघ उडत चालली आहे, तुमचं निळ्या शाईतलं अक्षर मात्र स्वच्छ दिसतं.

आज सकाळी सासूबाईंनी नैवेद्याची खीर केली. पान वाढून झाल्यावर नातीला मांडीवर घेऊन चमचाभर खीर भरवली, तिथीनं आज तिचा वाढदिवस म्हणून. तारखेनं २ ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी गुरुवार आहे, दसराही आहे. संध्याकाळी घरीच असू. सिडकोत राहतो आम्ही, पत्ता दवाखान्यातल्या रजिस्टरमध्ये आहे. जमलं तर या. ती आता धरून धरून चालते, आणि अनोळखी माणसाकडेही सहज जाते.

तुमची,
डाव्या कुशीवर रडणारी