पाच हजारांचा गेम घेतला, पण मालकी कोणाची?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमच्या वाढत्या किमतींवर आलेला लेख वाचला. त्यातील पालकांची काळजी मला समजते. परंतु एवढे पैसे दिल्यावर ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडते, हा मुद्दा लेखात आलाच नाही. मी सोलापुरातील चाटी गल्लीतील एका चादर-टॉवेलच्या पेढीत गेली अठरा वर्षे हिशेब लिहितो आणि त्याहूनही अधिक वर्षे गेम खेळतो. त्यामुळे याविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटले.

आधी किमतीविषयी. २००५ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांच्या नव्या गेमची किंमत अमेरिकेत साठ डॉलरवर स्थिरावली आणि जवळजवळ पंधरा वर्षे तिथेच राहिली. २०२० मध्ये ती सत्तर झाली. जून २०२५ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा गेम ऐंशी डॉलरला आणला. मायक्रोसॉफ्टनेही ऐंशीची घोषणा केली, मात्र ग्राहकांची नाराजी पाहून ती मागे घेतली आणि पुढे ऑक्टोबरमध्ये आपल्या 'गेम पास'च्या (वर्गणी भरून अनेक गेम खेळू देणाऱ्या सेवेच्या) सर्वांत वरच्या योजनेची मासिक वर्गणी वीस डॉलरवरून तीस डॉलर केली. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ५ हे गेम खेळण्याचे यंत्र आले, तेव्हा ३,९९९ रुपयांना मिळणारे मोठे गेम ४,९९९ वर गेले.

कंपन्यांची बाजू खोटी नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. 'द लास्ट ऑफ अस' या गेमच्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आल्याचे २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झाले. शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात तेव्हा असा गेम तयार होतो. शिवाय २००५ चे साठ डॉलर आजच्या महागाईने मोजले, तर ते शंभराच्या आसपास जातात. म्हणजे अमेरिकेतील ग्राहकाला गेम खरे तर पूर्वीपेक्षा स्वस्त पडतो. पण हा हिशेब सोलापुरात जसाच्या तसा लागू होत नाही. तेव्हा डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आत-बाहेर होता, आज तो पंचाऐंशीच्याही पुढे गेला आहे, आणि यंत्रमागावर किंवा विड्या वळून चालणाऱ्या कितीतरी घरांत पाच हजार रुपयांत महिन्याचा किराणा बसवावा लागतो.

यावर नेहमी एक उत्तर मिळते, की सिनेमा तीन तासांत संपतो आणि गेम शंभर तास चालतो, तेव्हा तासामागे गेमच स्वस्त. मला हे मोजमाप मुळातच चुकीचे वाटते. चादर किती रात्री अंगावर घेतली यावरून तिचा भाव ठरत नाही; सूत, विणकाम आणि रंगाचा पक्केपणा पाहून तो ठरतो. तासांची संख्या हीच गुणवत्ता ठरली, की गेममध्ये तीच ती कामे पुन्हा पुन्हा करायला लावणारा भरणा वाढतो. याउलट दहा तासांत संपणारा, पण मनात घर करणारा गेम मी पाहिला आहे आणि त्याचे पूर्ण पैसे देताना मला कधी जड गेले नाही.

माझी खरी तक्रार मालकीविषयी आहे. १९९० च्या दशकात नवी पेठेतून आणलेली टीव्ही गेमची एक कॅसेट आमच्या गल्लीतील सहा घरांतून फिरत असे. पुढे डिस्क आल्या, तरी खेळून झालेली डिस्क निम्म्या किमतीला विकून दुसरी घेता येत असे, म्हणून चार हजारांचा गेम प्रत्यक्षात दोन हजारांना पडे. आज बहुतेक विक्री डाउनलोडची आहे आणि डाउनलोड केलेला गेम ना विकता येतो, ना कोणाला देता येतो. दोन वर्षांपूर्वी भाच्याला दिवाळीची भेट म्हणून मी असा एक गेम घेऊन दिला. तो शिक्षणासाठी पुण्याला गेला, गेम पडून राहिला, म्हणून तो माझ्या मुलीच्या खात्यावर घ्यावा असे आम्ही ठरवले. विक्रेत्या कंपनीच्या मदत केंद्राने कळवले, की खरेदी खात्यापुरतीच असते आणि ती हस्तांतरित होत नाही. पैसे देताना हे आम्हाला कोठेही ठळकपणे सांगितलेले नव्हते.

यापुढचा धोका अधिक मोठा आहे. 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर, म्हणजे तो ज्यांच्या आधारे चालत असे ते कंपनीचे संगणक, बंद करून कायमचा संपवला. ज्यांनी पैसे मोजले होते, त्यांनाही तो पुन्हा खेळता येईना. त्यानंतर युरोपात अशा गेमबंदीविरुद्ध उभ्या राहिलेल्या मोहिमेला दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या दिल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे, की जी डिजिटल वस्तू केवळ वापरण्याचा परवाना म्हणून दिली जाते, ती विकताना तसे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

मग हे पैसे द्यावेत का? द्यावेत, पण पहिल्या दिवशी नव्हे, असे माझे मत आहे. 'सायबरपंक २०७७' हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा तो इतका सदोष होता की सोनीला तो प्लेस्टेशनच्या आपल्या ऑनलाइन दुकानातून काही महिने काढून टाकावा लागला. तोच गेम २०२३ पर्यंत दुरुस्त होऊन उत्तम झाला आणि सवलतीत निम्म्याहून कमी किमतीत मिळू लागला. ज्याने सर्वांत आधी विश्वास टाकला, त्यालाच सर्वांत जास्त पैसे देऊन सर्वांत कच्चा माल मिळाला, हे कोणत्याही पेठेत खपवून घेतले जाणार नाही. पहिल्याच धुण्यात रंग सुटलेली चादर गिऱ्हाईक आमच्या गादीसमोर आणून टाकते आणि आम्हाला ती निमूट बदलून द्यावी लागते. संगणकावरचे गेम विकणाऱ्या 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात निदान चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. प्रत्येक दुकानात अशी सोय असायला हवी. स्वस्तात चांगले काम होत नाही, हेही खरे नाही. २०२५ मध्ये गाजलेला 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' वीस डॉलरचा आहे, आणि पुण्यातील एका लहानशा चमूने केलेला 'राजी' २०२० मध्येच जगभर पोहोचला. अशा गेमला पूर्ण किंमत द्यायला मी मागेपुढे पाहत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आहे. डाउनलोडच्या प्रत्येक विक्रीवर 'हा परवाना आहे, मालकी नव्हे' ही सूचना ठळक अक्षरांत आणि मराठीसह भारतीय भाषांत देणे बंधनकारक करावे, तसेच सर्व्हर किती वर्षे चालू राहतील, हेही पैसे घेण्यापूर्वीच सांगावे, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने प्राधिकरणापर्यंत पोहोचवावी. आपल्या पुरवणीत चित्रपटांची परीक्षणे नियमित येतात. त्याच पानावर पंधरवड्यातून एकदा एखाद्या गेमचे परीक्षण छापले आणि त्यात तो डिस्कवर मिळतो की नाही, इंटरनेटशिवाय चालतो की नाही आणि आत पुन्हा पैसे मागतो का, एवढे नोंदवले, तर दुकानात मुलासोबत उभ्या असलेल्या पालकाला त्याचा फार उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, जुळे सोलापूर