आपलं पाणी जिथून येतं

दर्यापूर,
दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा रविवार

प्रिय गड्या,

तुझी रजा मंजूर झाली नाही हे कळलं तेव्हा मीही चिखलदऱ्याचा बेत मोडणार होतो. पण विश्रामगृहाची खोली सांगून ठेवलेली, आणि हिने चिवडा-शंकरपाळ्यांचे डबे भरून दारात ठेवलेले. "एकटे जा, पण जा," म्हणाली. गेलो. चार रात्री राहिलो. परवा फोनवर तुला "छान झालं" एवढंच बोललो, कारण बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

परतवाडा सोडून एसटी धामणगाव गढीच्या रस्त्याला लागली की संत्र्याचे बगीचे दिसतात, तुला आठवत असेल. फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. ते पाहिलं की दर वेळी मला आपल्या गावच्या विहिरी आठवतात. तासा-दीड तासाचं अंतर. इथं संत्रा आणि आपल्याकडे विहिरीचं पाणी गुरंसुद्धा तोंड लावून सोडतात. मी वर्गात शिकवतो: डोंगराच्या पायथ्याशी गोट्यांचा, भरड वाळूचा थर आहे, पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि गोड राहतं. पुढे पूर्णेच्या खोऱ्यात खोलच खोल गाळ, त्यात क्षार, म्हणून खारपाणपट्टा. बावीस वर्षं हा धडा शिकवला. या वेळी बसच्या खिडकीतून तो उलटा, दक्षिणेकडून उत्तरेकडे, डोळ्यांसमोरून गेला.

विश्रामगृह चिखलदऱ्याच्या पठारावर, पण गर्दीपासून बरंच आत. दोन खोल्या, कौलारू छप्पर, पुढे पडवी. शेजारी कोरकूंचं लहान गाव, समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा आणि मध्ये सारवल्यासारखा स्वच्छ रस्ता. फोनला रेंज नाही. चौकीदार दादा आणि त्यांची घरची माणसं मागच्या खोलीत राहतात. पहिल्याच संध्याकाळी दादांनी ताकीद दिली: "सूर्य टेकाच्या आत परत या गुरुजी. वाघ मानूस पाहून बाजूले होते, अस्वल नाई होत."

आणि मग जेवण. गड्या, साधं तुरीचं वरण, भाकर, मिरचीचा ठेचा. पण वरण चुलीवर ठेवलं आणि थोड्या वेळात डाळ मेणासारखी शिजली! तुझ्या आजीचं आठवलं का तुला? सकाळी चढवलेली डाळ दुपारपर्यंत टणक, आणि आजी म्हणायची, "या पान्यात दाय काय, दगडही शिजत नाई." गोड्या पाण्याची घागर आणायला आपण दोघं सायकलला दोरी बांधून जायचो. मी वरणाची दुसरी वाटी घेतली तेव्हा घसा दाटून आला होता. दादांच्या घरच्या वहिनींना वाटलं ठेचा तिखट झाला.

दुसऱ्या दिवशी गाविलगड केला, दिवसभर. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी हिंडता येत नाही आणि ते योग्यच आहे. १९७३ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले त्यात आपला मेळघाट होता, ते जंगल वाघांचंच राहिलं पाहिजे. पण किल्ल्यावर माणसं जातात. दिल्ली दरवाजावरचं ते दोन तोंडांच्या पक्ष्याचं, गंडभेरुंडाचं शिल्प पाहत मी बराच वेळ उभा होतो. बहामनी सुलतान अहमदशहा वलीच्या काळात, १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला म्हणतात. त्याआधी गवळ्यांची गढी होती, म्हणून नाव गाविलगड. गवळी अजूनही आहेत, म्हशी घेऊन, खवा आटवत.

दक्षिणेच्या तटावर गेलो तर खाली कडा सरळ तुटलेला आणि पुढे अख्खा वऱ्हाड पसरलेला. त्या बाजूने किल्ला घेणं अशक्यच. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला तो उत्तरेकडून, जिकडे किल्ला सपाट पठाराला जोडलेला आहे. स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट काढत तोफा ओढून आणल्या, तटाला खिंडार पाडलं, १५ डिसेंबरला हल्ला केला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्या उत्तरेच्या तटाजवळ मी डबा उघडला. वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. माणसं इतकी मेली त्या जागी गवत कमरेएवढं वाढलं होतं, आणि मला फार वेळ खाता आलं नाही.

आता तिसऱ्या दिवसाचं सांगतो, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

सकाळी गावामागच्या टेकाडावर चढलो. उतरताना जवळची वाट म्हणून एक नाला धरला. नाल्यात पाणी होतं, गुडघ्याला लागेल इतकं, आणि तळाचा दगड न् दगड दिसत होता. माझा हिशेब असा की डोंगराचं पाणी खाली वऱ्हाडात उतरतं, तेव्हा नाल्याबरोबर गेलं की आपण दक्षिणेला, रस्त्याकडे येऊ. तासभर चाललो. सागाची पानं पायाखाली इतकी की वाट अशी उरलीच नाही. मग लक्षात आलं, ऊन पाठीवर यायला लागलंय. दुपार टळत आलेली, आणि मी उत्तरेकडे तोंड करून चाललो होतो. दादांचं अस्वल आठवलं. खरं सांगतो, हात थंड पडले. मोठ्याने खोकत, काठी दगडावर आपटत उभा राहिलो.

म्हशींच्या घंटा ऐकू आल्या तेव्हा जीवात जीव आला. गवळ्याचा पोरगा होता, आपल्या आठवीतल्या पोरांएवढा. मी रस्ता विचारला, तर तो नाल्याकडे पाहून म्हणाला, "हे पानी तिकडं जाते गुरुजी, सिपन्याकडे. तुमच्या इकडं नाई येत." सिपना! कोरकूत सिपना म्हणजे साग. ती नदी सेमाडोह, कोलकासवरून वाहत तापीला मिळते हे नकाशात मी शेकडो वेळा दाखवलंय.

पोराने मला डोंगराच्या धारेवर आणून सोडलं. उभा राहून पाहिलं: एका हाताला मी उतरलो तो सिपन्याचा नाला, दुसऱ्या हाताला चंद्रभागेकडे जाणारा उतार. आपली चंद्रभागा, गड्या! दर्यापूरच्या पुलाखालची, जिच्यात आपण पोहायला शिकलो. ती याच डोंगरात उगवते आणि पूर्णेला जाते. आपल्या नळाला येतं ते शहानूर धरणाचं पाणीही याच डोंगराचं. जलविभाजक हा शब्द मी बावीस वर्षं फळ्यावर लिहितोय. तो हातभर रुंदीचा असतो आणि त्यावर माणूस पाय फाकून उभा राहू शकतो, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी माझे विद्यार्थी त्या धारेवर उभे राहिलेच पाहिजेत. मुख्याध्यापकांना बसच्या खर्चाबद्दल अर्ज आजच लिहून ठेवलाय.

शेवटची रात्र पडवीत बसून काढली. थंडी चांगलीच होती, दादांनी शेकोटी पेटवून दिली. चिखलदऱ्याची कॉफी प्यायलो, तिथल्याच झाडांची. तू असतास तर आपण बोलत राहिलो असतो आणि त्या रात्रीचा आवाज मी ऐकला नसता. तरीही तू असायला हवा होतास. दोन्ही खरं आहे.

एक गोष्ट तिथंच मनात आली. त्या धारेवर पडलेला पाऊस असा निम्मा इकडे, निम्मा तिकडे जातो. इकडचा आपल्या गावावरून पूर्णेत, तिकडचा तापीत. आणि दोन्ही पाणी एकत्र येतं ते चांगदेवला, तुझ्या भुसावळपासून मोटारसायकलने तासाभराच्या आत. तू गेलायस कधी संगमावर? नसशील तर एखाद्या रविवारी जा आणि पूर्णेच्या बाजूचं पाणी कसं दिसतं ते मला कळव. महाशिवरात्रीला तिथं यात्रा असते, तेव्हा मी येतो. तेवढी रजा मात्र आतापासून मागून ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईची कंबर आता कशी आहे तेही लिही.

तुझाच,
गुरुजी